दोन केमोंमधले दिवस कोणी सांभाळायचे?

धागा

माझ्या आईला स्तनाचा कर्करोग आहे. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, तिची केमोथेरपी सुरू असून तिथल्या उपचारांबद्दल आमची तक्रार नाही. प्रश्न आहे तो दोन केमोंमधल्या एकवीस दिवसांचा. उलट्या थांबत नाहीत, तोंड आल्यामुळे पेजसुद्धा गिळवत नाही, मध्येच रक्त तपासायचे असते. आणि यांतल्या प्रत्येक कारणासाठी सत्तरी तालुक्यातून पहाटेची कदंब बस पकडून, मांडीवर फायलींची पिशवी सांभाळत तिला बांबोळी गाठावी लागते. घराजवळच्या आरोग्य केंद्रात आम्ही गेलो, तेव्हा फाईल न उघडताच ‘तुमचा पेशंट बांबोळीचा’ असे सांगून परत पाठवले. माझ्या मते हे दिवस सांभाळणे प्राथमिक आरोग्य केंद्राचेच काम आहे.

प्रतिसाद १

मी सरकारी आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे आणि मला हे मत धोक्याचे वाटते. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात, आणि त्या काळात 38 अंश सेल्सिअसवर गेलेला ताप ही आणीबाणी असते. शरीरात लढणाऱ्या पेशीच उरलेल्या नसल्याने पू दिसत नाही, छाती साफ वाटते, रुग्ण स्वतः चालत येतो. अशा वेळी पॅरासिटामॉल देऊन ‘उद्या बघू’ म्हटले, तर तो उद्या हाती लागेलच असे नाही. तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे लागते. आईंना ताप आला तर आमच्याकडे न थांबता 108 बोलवा.

प्रतिसाद २

डॉक्टर, तापाविषयी आपले म्हणणे मान्य. परंतु सगळाच आजार ताप नसतो. माझ्या वडिलांना तोंडाचा कर्करोग होता. शेवटच्या महिन्यांत त्यांना हवी होती ती फक्त वेदनेवरची मॉर्फिनची गोळी, आणि तीही दूर जाऊन आणावी लागत होती. अमली पदार्थ कायद्यात 2014 साली दुरुस्ती होऊन असे औषध ठेवण्यासाठी अनेक परवान्यांऐवजी राज्य औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. तरीही मॉर्फिन गावापर्यंत पोहोचत नसेल, तर अडचण कायद्यात नाही. दर चार तासांची गोळी, सोबत न चुकता रेचक, आणि घरी येऊन जखम धुणारी परिचारिका, एवढ्यासाठी कर्करोगतज्ज्ञ लागत नाही.

धागाकर्तीचे उत्तर

डॉक्टर, तापाचा मुद्दा मी घरात सर्वांना समजावून सांगितला, त्यासाठी आपले मनापासून आभार. मात्र आपण दिलेले कारण मला माझ्याच बाजूचे वाटते. तो ताप साधा नाही हे ओळखणारा आणि रात्री रुग्णवाहिकेत बसवण्यापूर्वी बांबोळीला फोन करणारा माणूस गावातच असायला हवा; आणि फाईलच उघडली नाही, तर तो ओळखणार कसा? औषधांची नावे, शेवटच्या केमोची तारीख आणि विभागाचा दूरध्वनी एका कागदावर लिहून मी आईच्या फायलीवर चिकटवला आहे. तो घेऊन सोमवारी मी पुन्हा केंद्रात जाणार आहे.