ध्रुव दीडच मूठ का भरतो?
हात ताठ धरून मुठीवर मूठ ठेवत मोजलं, तर पुण्यातून ध्रुवतारा क्षितिजापासून दीडच मूठ वर भरतो, अशी एकाची शंका आहे. ध्रुव साधारण आपल्या अक्षांशाइतकाच वर दिसतो. पुण्याचा अक्षांश साधारण १८.५ अंश आणि एक मूठ १० अंशांची धरतात, म्हणजे तो दोन मुठींना जरा कमी यायला हवा. घोळ बहुधा सुरुवातीलाच होतो. समोरच्या इमारतीच्या गच्चीपासून मोजू नका, डोळ्याच्या पातळीपासून मोजा. अर्धी भरलेली पाण्याची बाटली डोळ्यांसमोर धरा. पाण्याचा पृष्ठभाग नुसती रेघ दिसला की ती पातळी. कोपर वाकलं तरी मूठ जास्त आकाश झाकते, आकडा घटतो.

आणि मूठ म्हणजे १० अंश, हे सरासरीच. स्वतःची मूठ किती अंशांची ते काढा: मुठीची रुंदी गुणिले ५७, भागिले डोळ्यापासूनचं अंतर (दोन्ही सेंमीत). पडताळ्याला सप्तर्षीतले ध्रुवाकडे रोख असलेले दोन तारे, क्रतू-पुलह घ्या, त्यांच्यातलं अंतर ५.४ अंश. चंद्र नको, तो जेमतेम अर्धा अंश.