एसटीएम३२ वर लिनक्स चढलं, पण फोर्क सापडत नाही

द्राक्षवाला_तासगाव:
नमस्कार मंडळी. एसटीएम३२एफ४२९ डिस्कव्हरी हा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड आहे. १८० मेगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-एम४, चिपमध्ये २ एमबी फ्लॅश, बाहेर ८ एमबी एसडीरॅम. बिल्डरूटने (छोट्या बोर्डांसाठी लिनक्स बनवणारं साधन) लिनक्स बनवून चढवलं. काल रात्री पावणेएकला सिरियलवर प्रॉम्प्ट आला आणि मी बायकोला उठवून दाखवला. ती म्हणाली, "एवढंच?"

आता अडलोय. बागेत पानांचा ओलावा नि तापमान नोंदवणारा माझा सी प्रोग्रॅम रास्पबेरी पायवर वर्षभर बिनतक्रार चालतोय. इथे लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा) म्हणतो, फोर्क (चालू प्रोग्रॅमची दुसरी प्रत काढणारं फंक्शन) नावाचं काही नाहीच. फोर्क काढून छोटा प्रोग्रॅम केला, तो कंपाइल होतो. पण चालवला की कधी कचरा छापतो, कधी अख्खा बोर्डच गोठतो. सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावल्याचा एरर) वगैरे काही येत नाही. रॅम खराब असेल का?

सोल्डरधूर:
यूएसबी केबल बदलून बघा आधी. माझे निम्मे प्रॉब्लेम केबलचेच निघालेत.

जुना_जेटॅग:
केबल नको, रॅमही नको. या चिपला एमएमयू (प्रोग्रॅममधल्या पत्त्यांची रॅममधल्या जागांशी सांगड घालणारा भाग) नाही, सगळं तिथून सुरू होतं.

फोर्कमध्ये पोराला बापाच्या मेमरीची प्रत मिळते, तीही त्याच पत्त्यांवर. एमएमयू असला की एकच पत्ता दोघांना वेगवेगळ्या जागी दाखवता येतो. इथे पत्ता म्हणजे थेट रॅममधली जागा, मग दोघं एकाच जागी कसे राहणार? म्हणून व्हीफोर्क वापरायचा: पोरगं एक्झेक करेपर्यंत (म्हणजे दुसरा प्रोग्रॅम लोड करेपर्यंत) बाप गप्प थांबतो. १९९८ ला यूसीलिनक्स (एमएमयू नसलेल्या चिपांसाठीचं लिनक्स) मोटोरोलाच्या ६८००० घराण्यातल्या चिपांवर आलं, तेव्हापासून हे असंच आहे.

आता गोठण्याचं. फंक्शनच्या आत मोठे ॲरे आहेत ना? फ्लॅट बायनरीला (अशा चिपांवर चालणाऱ्या प्रोग्रॅम-फाइलला) स्टॅक, म्हणजे फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलांची जागा, ठरवून दिलेला असतो, न सांगितल्यास ४ केबी. तो वाढत नाही. भरला की खाली सरकत तुमच्याच ग्लोबल व्हेरिएबलांवर चढतो. त्यात एखादा पॉइंटर बिघडला की तो कुठेही लिहितो, कर्नलच्या मेमरीतसुद्धा, कारण मध्ये कुंपणच नाही. सेगफॉल्ट देणार कोण? माझे यात तीन रविवार गेले. मीसुद्धा रॅमच्या नावानेच खडे फोडत होतो.

द्राक्षवाला_तासगाव:
दादा, मेनमध्ये ४०९६ बाइटचे दोन बफर होते! दोन्ही स्टॅटिक केले, म्हणजे स्टॅकबाहेर काढले, तासभर झाला, नीट चालतोय. 🙏

पिको_पोरगा:
मग ईएसपी३२-एस३ या चिपवर हाच त्रास होतो का? ८ एमबी पीएसरॅमवाला (जादा रॅमवाला) बोर्ड आहे माझ्याकडे, त्यावर लिनक्स चाललेलं पाहिलंय.

जुना_जेटॅग:
चालतं, आणि त्रासही हाच. हट्टच असेल तर कशावरही चालतं. २०१२ मध्ये एकाने ८ बिटच्या एटीमेगा१२८४पी वर एआरएमचा एम्युलेटर (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) लिहून उबुंटू चालवलं होतं, जुन्या पीसीतली १६ एमबी रॅमची पट्टी (सिम) जोडून. प्रॉम्प्ट यायला दोन तास लागायचे. मला तो प्रकार फार आवडतो, पण त्याने द्राक्षं वाचत नाहीत.

तासगावकर, अजून एक गोष्ट पुढ्यात येईल. प्रोग्रॅम लोड व्हायला सलग मेमरी लागते. कर्नल फ्लॅशमधूनच चालतोय म्हणून ८ एमबी पुरतायत, पण काही दिवसांनी रॅमचे तुकडे होतात. एकूण मेमरी शिल्लक दिसते, सलग मात्र मिळत नाही, आणि फायलींची यादी दाखवणारा साधा एलएससुद्धा उठत नाही. लॉगर एकदाच सुरू करा. दर दहा मिनिटांनी नवा प्रोसेस काढू नका.

खरं विचाराल तर दोन सेन्सर वाचायला फ्रीआरटीओएस किंवा झेफर (छोट्या चिपांसाठीच्या हलक्या ऑपरेटिंग सिस्टिम) घ्या. चिप झोपवता येते, बॅटरी टिकते. जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा हवा असेल तर ऑलविनर एफ१सी१००एस ही चिप बघा: ३२ एमबी रॅम पोटातच आणि एमएमयूसुद्धा. फोर्क मिळेल.

द्राक्षवाला_तासगाव:
बागेत फ्रीआरटीओएसच लावतो. छाटणीच्या आत बसवायचंय. हा बोर्ड मात्र पुसणार नाही, टेबलावर लिनक्ससकट राहू दे.