सत्तरीचं कार्ड हातात असताना खासगी आरोग्य विम्याचा हप्ता भरत राहावं का?

गोदाकाठ

एक घर डोळ्यांसमोर धरा. परभणीत राहणारं जोडपं, नवरा ७२ वर्षांचा, बायको ६६ची, पेन्शन बेताची. दोघांची मिळून ५ लाखांची खासगी पॉलिसी आहे. माझं मत असं की ही पॉलिसी बंद करावी.

केंद्र सरकारचं मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या कुणालाही मिळतं. उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाखांचं संरक्षण, आणि जुना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार पहिल्या दिवसापासून धरलेले. बायकोसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. तिचंही संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख, शिधापत्रिका पांढरी असली तरी. पूर्वी आपल्या मराठवाड्यात पांढऱ्या कार्डावर फक्त शेतकरी कुटुंबांनाच ती मिळायची.

हप्ता गेला की गेला. त्यापेक्षा साठवणीतले ५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला १०,२५० रुपये हातात येतात आणि मुद्दल आपलंच राहतं.

मांजरा

पूर्ण असहमत. कार्डावर ५ लाख लिहिलेत, पण ते कुठे चालतात ते बघा. रुग्णालय योजनेच्या यादीत असून भागत नाही, ते त्या विशेषतेसाठी यादीत लागतं. एखादं रुग्णालय मूत्रविकार आणि हाडांसाठी पॅनलवर असतं, हृदयासाठी नसतं. पाटी मात्र दारावर एकच. नातेवाईक पाटी बघून पेशंट आत नेतात आणि अँजिओप्लास्टीचं ठरल्यावर कळतं की इथे योजना लागू नाही. काही शस्त्रक्रिया तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत.

म्हणून पॉलिसी बंद करण्याआधी एक काम करा. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर घरातले कुठे नेणार, त्या दोन-तीन रुग्णालयांची नावं लिहा. तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतीसाठी रुग्णालयात बसणारा माणूस) विचारा: हृदय, मेंदू, हाडं, कॅन्सर, डायलिसिस यांपैकी कशाकशासाठी तुम्ही योजनेत आहात? १५५३८८ या हेल्पलाइनवरही विचारता येतं. उत्तर 'नाही' आलं तर त्या आजारापुरतं ते कार्ड तुमच्या उपयोगाचं नाही.

बचत योजनेबद्दलही सांगतो. त्या खात्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत बंद केलं तर मुद्दलातून १.५ टक्के कपात, त्यानंतर १ टक्का. दवाखान्यासाठीचा पैसा असा अडकवू नये. एक-एक लाखाच्या सुट्या मुदत ठेवी करा, लागेल तेवढीच मोडता येते.

तेरणा

दोघांच्या मधली वाट सुचवतो. सरकारी योजना हा पाया माना आणि वर १५-२० लाखांची सुपर टॉप-अप पॉलिसी घ्या, डिडक्टिबल (आधी आपण सोसायची रक्कम) ५ लाखांचा. पहिले ५ लाख तिच्यात येत नाहीत, म्हणून हप्ता साध्या पॉलिसीपेक्षा बराच कमी बसतो. घेताना नाव नीट वाचा. नुसत्या 'टॉप-अप'मध्ये डिडक्टिबल दर भरतीला वेगळा मोजतात. 'सुपर टॉप-अप'मध्ये वर्षभराची बिलं एकत्र धरतात. म्हातारपणी वर्षात ३ लाखांच्या दोन भरती होणं सहज शक्य असतं. टॉप-अपमध्ये तिथे एक रुपया मिळणार नाही, सुपर टॉप-अपमध्ये वरचा १ लाख मिळेल.

मांजरा

तेरणा, कागदावर हे बरोबर आहे, पण खड्डा नेमका इथेच आहे. योजनेच्या रुग्णालयात पॅकेजच्या ठरलेल्या दरात उपचार होतात, पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. तिथे बिल ५ लाखांच्या वर जायची वेळ क्वचितच येते, म्हणजे सुपर टॉप-अप झोपलेलीच राहते. पेशंट पॅनलबाहेरच्या रुग्णालयात गेला तर योजना लागू नाही आणि पहिले ५ लाख रोख भरावे लागतात. पाया आणि मजला वेगवेगळ्या इमारतींत उभे आहेत. ज्याच्याकडे ते ५ लाख सुटे पडलेत त्यानेच हा मार्ग धरावा. नाहीतर ३ लाखांची छोटी मूळ पॉलिसी ठेवून ३ लाखांच्या डिडक्टिबलची सुपर टॉप-अप घ्यावी.

दुधना

चर्चा फक्त रकमेवर चालली आहे. क्लेमचे पैसे कापले जातात ते अटींमुळे. ३ लाखांच्या पॉलिसीत रूम रेंटची (खोलीभाड्याची) मर्यादा १ टक्का म्हणजे दिवसाला ३,००० आणि को-पे (मंजूर रकमेतला आपण भरायचा वाटा) २० टक्के, असं धरा. पेशंट ६,००० च्या खोलीत ५ दिवस राहिला.

खोली ३०,०००. डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग ९०,०००. औषधं, इम्प्लांट, तपासण्या ८०,०००. एकूण २ लाख.

खोली परवानगीच्या दुप्पट दराची, म्हणून खोलीचे १५,००० मिळतात आणि डॉक्टर-थिएटरचेही निम्मेच, ४५,०००. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही, ते ८०,००० पूर्ण धरले जातात. झाले १,४०,०००. त्यातून २० टक्के को-पे गेला की कंपनी देते १,१२,००० आणि खिशातून जातात ८८,०००. लोक म्हणतात कंपनीनं फसवलं. पण ३,००० ची खोली घेतली असती तर डॉक्टर-थिएटरची निम्मी कपात झालीच नसती. भरतीच्या काउंटरवर पहिला प्रश्न हाच विचारा: आमच्या पॉलिसीत कोणती खोली बसते?

मराठवाड्यासाठी आणखी एक कलम महत्त्वाचं. काही कंपन्या शहरांचे झोन पाडतात. आपल्या भागाचा हप्ता कमी ठेवतात, पण उपचार पुण्या-मुंबईत घेतले तर १०-२० टक्के जादा को-पे लावतात. हिंगोली-नांदेडचा पेशंट हैदराबादला जातो, लातूर-धाराशिवचा सोलापूर-पुण्याला. तेव्हा थोडा जास्त हप्ता भरून वरचा झोन घेतलेला परवडतो.

गोदाकाठ

दुधना यांचा हिशेब मान्य, पण त्यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं. इतक्या कपाती सोसायच्या तर हप्ता कशासाठी? ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी (आयआरडीएआय) बोलावं लागतं, हा जानेवारी २०२५ चा नियम. म्हणजे १० टक्के तर वाढू शकतोच. ३०,००० चा हप्ता त्या वेगानं पाच वर्षांत ४८,००० च्या वर जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी गेला ही चांगली गोष्ट, पण दोन वाढींत ती सवलत संपते. पेन्शन त्या वेगानं वाढत नाही. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराची ईपीएस-९५ची (भविष्य निर्वाह निधीची पेन्शन योजना) किमान पेन्शन महिन्याला १,००० रुपये आहे. त्याला कुणी पॉलिसी चालू ठेवा म्हणू नये. त्याचं कार्ड आधी काढून द्यावं.

पूर्णा

ज्याला हप्ता झेपतच नाही त्याच्याबद्दल वाद नाही. छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाई, नांदेड, लातूरची सरकारी रुग्णालयं आणि कार्ड, एवढंच त्याच्या हाती आहे आणि ते पक्कं करावं. पण ज्याला झेपतो त्याला 'बंद करा' म्हणणं धोक्याचं आहे. मागे फिरता येत नाही. जुनी पॉलिसी सोडली की जुन्या आजारांचा संपवलेला प्रतीक्षा काळ (ज्यात त्या आजारांचा क्लेम मिळत नाही) वाया जातो. नवीन पॉलिसीत तो पुन्हा ३६ महिन्यांपर्यंत असू शकतो. आता वयाची कमाल अट नाही हे खरं, पण तपासण्या पाहून कंपनी नाही म्हणू शकते. सलग ६० महिने झालेल्या पॉलिसीचं मोल वेगळंच: त्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'आजार लपवला' म्हणून क्लेम नाकारता येत नाही.

कंपनी आवडत नसेल तर पोर्ट करा, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीत न्या. नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी नव्या कंपनीकडे अर्ज गेला पाहिजे आणि होकार हातात येईपर्यंत जुनी सोडायची नाही. पोर्ट करताना रक्कम ३ वरून १० लाख केली तर जुना प्रतीक्षा काळ ३ लाखांपुरताच वजा होतो, वरच्या ७ लाखांना नव्यानं. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्यांनी निवृत्तीच्या आधीच त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज द्यावा.

आणि प्रपोजल फॉर्म (पॉलिसी घेतानाचा अर्ज) स्वतः भरा. एजंट सगळीकडे 'नाही' लिहून सही घेतो. पुढे भरतीच्या वेळी कुणी सहज सांगतं, 'दहा-बारा वर्षांपासून शुगर आहे', केस पेपरवर तेच उतरतं आणि क्लेम अडकतो. निदान कधी झालं ती तारीख डॉक्टरच्या पहिल्या चिठ्ठीवरून पाहून ठेवा आणि भरतीच्या वेळी तीच सांगा.

दुधना

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागात जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारी निकाली काढणारा अधिकारी). मराठवाड्यासाठी पुण्याचं कार्यालय, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

गोदाकाठ

पूर्णा यांचा मुद्दा बायकोच्या बाबतीत मी मान्य करतो. ती ६६ची आहे, वय वंदना कार्डाला चार वर्षं बाकी आणि फुले योजनेचे ५ लाख अख्ख्या कुटुंबाला मिळून. तिची पॉलिसी चालू ठेवावी. ७२ वर्षांच्या नवऱ्याबद्दल माझं मत तेच, मात्र मांजरा म्हणतात तशी रुग्णालयांची चौकशी आधी झाली पाहिजे.

तेरणा

मग चार वर्षांनंतरची तयारी आजच करा. कार्डासाठी वय आधारवरून धरतात. आपल्याकडे शाळेत नाव घालताना कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून लावलेली आहे आणि साल अंदाजानं. आधारवर दोन-तीन वर्षं कमी लागली असतील तर कार्डही तेवढंच लांबतं. जन्मतारखेची दुरुस्ती साधारणपणे एकदाच होते, म्हणून पक्का पुरावा हातात आल्यावरच करा. बायकोची पॉलिसी वेगळी करायची असेल तर तीही नूतनीकरणाच्या वेळीच, त्याच कंपनीत, जुना प्रतीक्षा काळ धरला जाईल असं लेखी घेऊन.