मदत हवी आहे: चर्चमधल्या शिळेवर साल १७२३/४ असं कोरलंय, जिओकॅशसाठी ३ धरू की ४?

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका.

सध्या इंग्लंडात नॉरफोकला मुक्काम आहे आणि लेकीच्या नादाने जिओकॅशिंगचं खूळ लागलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कुणीतरी डबी (हीच जिओकॅश, थोडक्यात कॅश) लपवून तिचा पत्ता अक्षांश-रेखांशात साइटवर टाकतं, आपण फोनच्या जीपीएसवर ती शोधायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि होती तिथेच परत ठेवायची, बस. इकडे 'चर्च मायक्रो' नावाची भलीमोठी मालिकाच आहे, जुन्या पॅरिश चर्चच्या आसपासच्या डब्यांची, आणि नॉरफोकात चर्चना काय तोटा, गोल मनोऱ्याचीच शंभराच्या वर आहेत.

आमच्या कॅशमध्ये थेट जागा दिलेली नाही. चर्चमध्ये फिरून आकडे गोळा करायचे, युद्धस्मारकावर नावं किती, सूर्यघड्याळावरचं रोमन साल वगैरे, आणि ते सूत्रात टाकायचे. सगळं जमलं, अडलंय एका शिळेवर. 'फेब्रुवारी १७२३/४ मध्ये निधन' असं कोरलंय आणि सूत्राला हवाय सालाचा शेवटचा आकडा. लेक म्हणते अपूर्णांक आहे, भागाकार करून ४३०.७५ पण काढून झाले तिचे!

हा आकडा अक्षांशाच्या मिनिटांत दशांश चिन्हानंतर लगेच येतो, म्हणजे एकाने चुकलं की सरळ १८५ मीटर इकडचं तिकडे. काल ३ धरून गेलो तर बाण गव्हाच्या शेतात मधोमध, कडेकडेने तासभर फिरलो, खाजकुयलीसारखी कसलीतरी पानं लागून पाय लाल झाले. ४ धरलं तर जागा शेतापलीकडे पायवाटेवर येते पण तिथे जायला मोठा वळसा आहे, उगाच परत तंगडतोड नको. कॅशमालकाला मेसेज टाकलाय, उत्तर नाही. गवंड्याने साल चुकवलं असेल का?

---

भटक्या_७७: गवंडी बिचारा बरोबर आहे 😄 तेव्हा इंग्लंडात कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, आपलं शके पाडव्याला बदलतं ना तसंच. त्यामुळे जानेवारी ते २४ मार्चपर्यंतच्या तारखांना घोळ नको म्हणून दोन्ही सालं लिहायचे. त्यांच्या हिशेबाने १७२३, आपल्या हिशेबाने १७२४. पुढे १७५२ पासून १ जानेवारी धरायला लागले, त्याच वर्षी सप्टेंबरात २ तारखेनंतर एकदम १४ आली. ४ धरा. शिवाय उभ्या पिकात कोण कशाला डबी ठेवेल, आणि जमीनमालकाच्या परवानगीशिवाय पुरून ठेवायला तर नियमाने बंदीच आहे.

धागाकर्ती: भटक्या, दंडवत! आज वळसा घालून गेलो. कुंपण ओलांडायची लाकडी पायरी आहे, तिच्या खालच्या खिळ्याला चुंबकाने चिकटलेली नखाएवढी डबी. कागद सुरळी करून आत, तो काढतानाच लेकीला घाम फुटला. आणि मग कळलं पेन गाडीतच राहिलंय.