जुन्या मालिकांमध्ये चेहरे रुंद दिसतात: टीव्हीवर कोणता पिक्चर मोड ठेवावा?

खिडकी

४३ इंची फोर-के टीव्ही आहे. सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयने जोडलाय. एचडी वाहिन्या नीट दिसतात, पण जुनी मालिका लागली की माणसं बसकी आणि चेहरे आडवे पसरलेले. 'झूम' मोड लावून पाहिला. चेहरे तसेच रुंद राहिले, वर डोकी कापली गेली आणि खालची बातम्यांची पट्टी गायब झाली. टीव्हीच्या मेनूत ऑटो, १६:९, ४:३, झूम, पॅनोरमा आणि जस्ट स्कॅन एवढे पर्याय आहेत. यातला कायमचा कोणता ठेवायचा? दुसरं म्हणजे, पेनड्राइव्हवरची काही जुनी रेकॉर्डिंग उलट वागतात, त्यात माणसं उंच आणि किडकिडीत दिसतात. आणि काळ्या पट्ट्या ठेवल्याने पडदा खराब होतो का?

कर्णरेषा

'झूम केल्यावरही चेहरे रुंदच' या एका वाक्यात निम्मं उत्तर आहे. झूम मोड चित्र आडवं आणि उभं सारख्याच प्रमाणात मोठं करतो. टीव्हीच चित्र ताणत असता, तर झूमवर गेल्यावर चेहरे गोल झाले असते. ते झाले नाहीत, म्हणजे चित्र टीव्हीत पोचण्याआधीच ताणलं गेलंय. एक तर बॉक्समध्ये, नाही तर थेट वाहिनीकडेच.

आकडे असे. जुनं चित्र ४:३, म्हणजे रुंदी उंचीच्या १.३३ पट. तुमचा पडदा १६:९, म्हणजे १.७८ पट. ४:३ चं चित्र ओढून पडदा भरला की प्रत्येक वस्तू ३३ टक्के रुंद होते आणि वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं. न ताणता दाखवलं, तर १९२० × १०८० च्या चौकटीत ते १४४० × १०८० एवढी जागा घेतं आणि डावी-उजवीकडे २४०-२४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात. या पट्ट्या हा बिघाड नाही. त्या जागेत दाखवायला चित्रच नाही.

खात्री करायची असेल तर टीव्हीच्या रिमोटवरचं माहितीचं बटण दाबा. ५७६ किंवा ४८० ओळींचा सिग्नल दिसला तर आकाराचा निर्णय टीव्ही घेतोय. १०८० दिसला आणि कार्यक्रम जुना असेल, तर बॉक्सने चित्र आधीच मोठं करून पाठवलंय. मग टीव्हीच्या दृष्टीने ती एक सरळ १६:९ ची चौकट असते. आत काय आहे हे त्याला कळत नाही, त्यामुळे 'ऑटो'ही काही करू शकत नाही.

आणखी एक खूण: बॉक्सचा स्वतःचा मेनू उघडा. मेनूतली अक्षरं नीट आणि मागचं चित्र पसरट असेल, तर टीव्ही निर्दोष आहे.

समचौरस

कर्णरेषा यांच्याशी सहमत. दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. दोन यंत्रं एकाच वेळी आकार बदलू लागली की कोण काय करतंय तेच उमगत नाही.

१. टीव्ही आधी १६:९ वर ठेवा आणि जस्ट स्कॅन चालू करा. काही टीव्हींवर यालाच स्क्रीन फिट, फुल पिक्सेल किंवा डॉट बाय डॉट म्हणतात.

२. बॉक्सच्या मेनूत 'टीव्ही टाइप' किंवा 'स्क्रीन फॉरमॅट' १६:९ करा. इथे चुकून ४:३ असेल तर उलटा घोळ होतो: रुंद कार्यक्रमच बाजूने कापले जातात किंवा छोटे होतात.

३. त्याच मेनूत ४:३ कार्यक्रमांचं काय करायचं, अशी वेगळी ओळ असते. फुल किंवा स्ट्रेच असेल तर ते काढून पिलरबॉक्स (डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या) किंवा 'मूळ' निवडा. तुमचा दोष बहुधा याच ओळीत आहे.

मग मोजपट्टी घ्या. ४३ इंची पडद्याचा दिसणारा भाग साधारण ९५.२ × ५३.५ सेंटिमीटर असतो. ४:३ चं चित्र ७१.४ सेंटिमीटर रुंद यायला हवं आणि प्रत्येक बाजूची पट्टी ११.९ सेंटिमीटर. पट्टी १० च्या आसपास भरली आणि चेहरे मात्र गोल असले, तर ओव्हरस्कॅन चालू आहे. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबमध्ये कडा चौकटीआड लपवण्याची पद्धत होती. सपाट पडद्याला त्याची गरज नाही, तरी अनेक टीव्ही चित्र साधारण २ ते ५ टक्के मोठं करून कडा कापतात. बातम्यांची पट्टी अर्धी दिसते ती बऱ्याचदा यामुळेच. जस्ट स्कॅन हे मोठं करणंच बंद करतो.

पॅनोरमा मोड मात्र कायमचा ठेवू नका. तो मध्यभाग जवळपास तसाच ठेवतो आणि सगळा ताण कडांवर टाकतो. स्थिर चेहरा ठीक दिसतो, पण माणूस पडद्याच्या एका टोकाकडून दुसरीकडे चालला की वाटेत बारीक होतो आणि पुन्हा जाड होतो. खाली सरकणारी अक्षरं कडेला वेगाने पळतात, मध्ये मंदावतात. कॅमेरा फिरला की भिंती हलल्यासारख्या वाटतात.

खिडकी

दोघांचेही आभार. बॉक्समध्ये खरंच 'फुल' होतं. पिलरबॉक्स केल्यावर चित्र ७१.५ सेंटिमीटर भरलं, चेहरे गोल. दोन गोष्टी उरल्या. एका वाहिनीवर जुनी मालिका अजून पसरटच दिसते. आणि जुने सिनेमे पडद्याच्या मधोमध छोटे दिसतात, चारही बाजूंनी काळं.

कर्णरेषा

पहिलीचं कारण: ती वाहिनी ४:३ चं चित्र स्वतःच ताणून १६:९ म्हणून पाठवते. बॉक्सला ते कळण्याचा मार्ग नाही. पण उपाय आहे. फक्त तेवढ्यापुरता टीव्ही ४:३ वर न्या. टीव्ही पूर्ण चौकट आडवी दाबून ७१.४ सेंटिमीटरमध्ये बसवेल, म्हणजे वाहिनीने दिलेला ताण तंतोतंत परत जाईल. काही टीव्ही एचडी सिग्नलवर ४:३ चा पर्याय बंद ठेवतात, तिथे इलाज नाही. आणि कार्यक्रम संपल्यावर मोड परत बदलायला विसरू नका, नाहीतर पुढच्या एचडी वाहिनीवर सगळे किडकिडीत.

दुसरीला विंडोबॉक्स म्हणतात. रुंद सिनेमा आधी ४:३ च्या चौकटीत वर-खाली पट्ट्या घालून बसवला गेला, मग ती चौकट तुमच्या पडद्यावर डाव्या-उजव्या पट्ट्यांसह आली. झूम मोड खरा उपयोगी पडतो तो इथे. समजा सिनेमा २.३५:१ आहे. मधलं चित्र तेव्हा साधारण १४४० × ६१३ असतं. झूमने १.३३ पट झालं की १९२० × ८१७ होतं आणि कापली जाते ती फक्त काळी पट्टी, सिनेमाचा कणही जात नाही. मात्र खालच्या काळ्या भागात लिहिलेली सबटायटल्स जाऊ शकतात. झूममध्ये चित्र वर-खाली सरकवायची सोय असेल तर ती वापरा.

साध्या ४:३ मालिकेवर झूम लावला की उंचीचा २५ टक्के भाग जातो: मोठ्या झालेल्या चित्राच्या १४४० ओळींपैकी वरून १८० आणि खालून १८०. १४:९ चा मधला पर्याय दिसला तर त्यात सुमारे १४ टक्के उंची जाते आणि १२०-१२० पिक्सेलच्या पट्ट्या उरतात. चेहरे गोल राहतात, म्हणून ताणण्यापेक्षा ही तडजोड कितीतरी बरी.

पिक्सेलपाटी

पेनड्राइव्हचं राहिलं. ७२० × ५७६ च्या फाइलमधले पिक्सेल चौरस नसतात. तेवढ्याच पिक्सेलमध्ये ४:३ चं चित्रही साठवतात आणि १६:९ चंही, आणि कोणतं आहे ते फाइलमधली एक नोंद सांगते. ती नोंद हरवली किंवा टीव्हीच्या प्लेअरने वाचली नाही, की तो पिक्सेल चौरस धरून ५:४ चं चित्र दाखवतो. १६:९ चं चित्र मग मूळ रुंदीच्या ७० टक्क्यांवर येतं, म्हणून माणसं किडकिडीत. अशा फाइलला टीव्हीचा १६:९ किंवा फुल मोडच बरोबर. ४:३ च्या फाइलमध्ये हाच गोंधळ झाला तर फरक जेमतेम ६ टक्क्यांचा असतो, पटकन लक्षातही येत नाही. संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'ए' ही कळ दाबत गेलात की गुणोत्तरं बदलतात आणि 'सी' दाबल्यावर चित्र कापलं जातं. योग्य गुणोत्तर ओळखायला चित्रात गोल वस्तू शोधा: चाक, घड्याळ, ताटली, पण कॅमेऱ्यासमोर सरळ असलेली.

पट्ट्यांबद्दल: एलसीडी आणि एलईडी टीव्हीला काहीही होत नाही. ओएलईडीत काळा पिक्सेल बंद असतो, त्यामुळे मधला भाग वापरला जातो आणि कडा कोऱ्या राहतात. रोज तासन्‌तास फक्त ४:३ पाहिलं तर काही वर्षांनी कडा आणि मध्यभागाच्या उजेडात फरक पडू शकतो. अधूनमधून पूर्ण पडद्याचे कार्यक्रम पाहणाऱ्याने चिंता करू नये.

नव्या सिनेमांच्या वर-खालच्या पट्ट्याही घालवायला जाऊ नका. २.३९:१ चा सिनेमा तुमच्या पडद्यावर साधारण ३९.८ सेंटिमीटर उंच येतो, वर-खाली ६.८ सेंटिमीटर काळं. पडदा भरायला झूम केलात तर दोन्ही बाजू मिळून जवळपास २५ टक्के दृश्य जातं, आणि दोन माणसं समोरासमोर बोलत असतील तर दोघांचेही चेहरे अर्धे कापले जाऊ शकतात. मुळात १६:९ हेच ४:३ आणि २.३५:१ यांच्यामधलं गुणोत्तर आहे. १९८० च्या दशकात एसएमपीटीई या सिनेमा-टीव्ही अभियंत्यांच्या संस्थेच्या कर्न्स पॉवर्स यांनी तेव्हा वापरातल्या सगळ्या गुणोत्तरांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत एकमेकांवर ठेवून ते सुचवलं. १.३३ आणि २.३५ यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा, १.७७ येतं. दोन्ही टोकांच्या चित्रांना साधारण सारखीच काळी जागा सोडावी लागेल, असा हा पडदा आहे.

खिडकी

पेनड्राइव्हला फुल मोड लावला, माणसं सरळ झाली. आता टीव्ही १६:९ आणि जस्ट स्कॅनवर, बॉक्स पिलरबॉक्सवर, आणि त्या एका वाहिनीपुरता ४:३.