कापूस आयोडीनने निळा होत नाही, मग नवा मांजरपाट का होतो?

प्रश्न : विज्ञान शिक्षक, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. गावातील शाळेत मी मुलांना पिष्ट (स्टार्च) ओळखण्याची परीक्षा दाखवत होतो. ज्वारीच्या भाकरीवर पातळ आयोडीनचा थेंब पडताच निळा-काळा रंग आला. एका मुलीने घरच्या वेचणीतला कापूस आणला होता, त्यावर डाग पिवळसर तपकिरीच राहिला. पिष्ट आणि कापसातील सेल्युलोज ही दोन्ही ग्लुकोजचीच बनलेली असतात, हे मी आधीच सांगितले होते. तेवढ्यात एका मुलाने न धुतलेल्या नव्या मांजरपाटावर थेंब टाकला आणि तो निळा झाला. कापड कापसाचेच असताना असे का व्हावे? शिवाय बैल कडबा पचवतो आणि आपण का नाही, असेही मुलांनी विचारले आहे.

उत्तर : निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापिका, अमरावती

सर, मुलांनी फार मोलाची गोष्ट पकडली आहे. फरक ग्लुकोजमध्ये नाही, ते एकमेकांना कसे जोडले आहे त्यात आहे. पिष्टातील अमायलोज या घटकात अल्फा-१,४ बंध असल्यामुळे साखळी मळसूत्रासारखी वळते, तिच्या एका वेढ्यात सुमारे सहा ग्लुकोज बसतात आणि आतल्या पोकळीत आयोडीन रांगेने अडकले की निळा रंग दिसतो. सेल्युलोजमध्ये बीटा-१,४ बंध असतात; प्रत्येक पुढचे ग्लुकोज आधीच्याच्या उलट फिरलेले असल्याने साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांशी हायड्रोजन बंधांनी घट्ट बिलगते, आणि आयोडीनला शिरायला तशी पोकळीच उरत नाही. कच्च्या कापसाच्या तंतूत सुमारे ९० टक्के सेल्युलोजच असते.

मांजरपाट निळा होतो तो बहुधा खळीमुळे. विणताना ताण्याचा धागा तुटू नये म्हणून त्याला खळ देतात, आणि ती पुष्कळदा पिष्टाची असते. खात्री करायची असेल तर कापडाच्या अर्ध्या भागावर लाळ लावून तो अर्धा तास कोमट ठेवावा, मग धुऊन दोन्ही भागांवर आयोडीन टाकावे. लाळेतील अमायलेज हे विकर (एन्झाइम) अल्फा बंध तोडते, बीटा बंधांना मात्र हात लावत नाही, म्हणून खळ जाते आणि कापड शाबूत राहते. कापड गिरण्यांतही खळ काढायला अमायलेज वापरतात.

उत्तर : पशुवैद्यक, वाशीम जिल्हा

बैलाविषयी थोडे सांगतो. सेल्युलोज तोडणारे विकर बैलाच्या शरीरातही तयार होत नाही. ते काम कोटीपोटातील (जठराच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील) सूक्ष्मजीव करतात आणि त्यातून निघालेल्या ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक आम्लांवर जनावराचे बरेचसे पोषण होते. सरकीला चिकटलेली रुईदेखील जनावर पचवते. पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडे) मात्र चुलीतच जाते, कारण तिच्यातील सेल्युलोजभोवती लिग्निन या कठीण लाकडी पदार्थाचे कवच असते आणि ते या सूक्ष्मजीवांना फोडता येत नाही.

प्रश्नकर्ता :

मॅडम, डॉक्टरसाहेब, आपले आभार. आज प्रयोग केला. लाळ लावलेला अर्धा भाग पिवळसर राहिला, उरलेला निळा झाला. मुलांनी दुसरा तुकडा पाण्यात उकळून त्या पाण्याचीही परीक्षा घेतली. गरम असताना रंग आला नाही म्हणून ती हिरमुसली, पण पाणी थंड होऊ लागले तसे परीक्षानळीत निळेपण उमटत गेले. उष्णतेने आयोडीन मळसूत्रातून सुटते आणि थंडाव्यात परत अडकते, हे आता त्यांना शब्दांत सांगावे लागले नाही.