जपानची स्टडी टूर म्हणे सक्तीची करा!

ओळंबा

परवा इथे आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीने वर्गाबरोबर केलेल्या पहिल्या जपान दौऱ्यावर लिहिलं. लेख बरा होता, फोटो तर झकासच. पण शेवटी ठोकून दिलं की तीन वर्षं वर्गात बसून जे कळलं नाही ते तिकडे आठवडाभरात कळलं, सबब प्रत्येक कॉलेजने जपानची टूर सक्तीची करावी. खाली बदामांचा सडा. एकानेही प्रश्न विचारला नाही, म्हणून मी विचारते. प्रतिसाद लांबला, म्हणून वेगळा धागा.

मी प्रॅक्टिस करते, शिकवतेही. जपान पाहिलंय, स्वतःच्या खर्चाने. तेव्हा कोल्ह्याच्या द्राक्षांची गोष्ट कोणी सांगू नये.

यांचा कार्यक्रम बघा: टोकियो, इसे, क्योतो, नारा, ओसाका, हिरोशिमा. एका आठवड्यात! इसेला नक्की काय अभ्यासलंत? मुख्य देवळाभोवती चार कुंपणं. तुम्हाआम्हाला बाहेरच्या दारापर्यंतच सोडतात, तिथे फोटोला बंदी, आणि वर पाहिलं तर छपराचा शेंडा. ते देऊळ दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जसंच्या तसं नवं बांधतात. मागचं २०१३ला झालं, पुढचं २०३३ला. त्यातलं शिकण्यासारखं काय, तर एका खेपेला हाताखाली राबलेला सुतार पुढच्या खेपेला मुख्य होतो. हे कुंपणाबाहेर उभं राहून दिसत नाही. वाचूनच कळतं, आणि त्यासाठी कॉलेजच्या लायब्ररीचं कार्ड पुरतं.

टोकियोतल्या उएनोचं म्युझियमही यादीत होतं. ल कोर्बुझिए या स्विस-फ्रेंच आर्किटेक्टचं, १९५९चं. मधल्या दालनापासून सुरू होऊन चौकोनी वळणं घेत बाहेर वाढत जाणारं संग्रहालय, ही त्याची लाडकी कल्पना. तिच्यातून झालेली आणखी दोन म्युझियम्स कुठे आहेत? अहमदाबादला आणि चंदीगडला. २०१६ साली जागतिक वारशाच्या यादीत उएनोचं म्युझियम आणि चंदीगडचं कॅपिटॉल संकुल एकाच नोंदीत गेलं. या टूरचे सव्वादोन लाख भरणाऱ्यांपैकी किती जणांनी अहमदाबादचं पाहिलंय?

आणि सक्ती! माझ्या वर्गात मॉडेलचा माउंटबोर्ड दोघांत एक आणणारी मुलं आहेत. सक्ती म्हटली की वर्गाच्या दोन याद्या झाल्या. एक विमानात, एक घरी.

माझ्या लेखी स्टडी टूर म्हणजे एक इमारत, तीन दिवस, हातात टेप, अंगावर धूळ आणि संध्याकाळी माझी बोलणी. बाकीची सहल. सहलीला माझी ना नाही, फक्त तिला मार्क देऊ नका.

शाईचा_डाग

ती मुलगी मीच. "एका मुलीने" कशाला, सरळ मला विचारायचं होतं.

सक्तीचं वाक्य उडवते. झालं समाधान? आता बाकीचं.

ओसाकाजवळ इबाराकीला जपानी आर्किटेक्ट तादाओ आंदोंचं चर्च आहे, १९८९चं. काँक्रीटच्या भिंतीतल्या क्रॉसच्या आकाराच्या फटीतून येणारा उजेड आम्हाला पहिल्या वर्षापासून स्लाइडवर दाखवतात. तिथली जमीन आणि बाकं परांचीच्या फळ्यांची आहेत हे वर्गात कोणी सांगितलं नव्हतं. चर्चच्या मंडळींकडे पैसे नव्हते म्हणून. जमीन पुढे उतरत जाते, त्यामुळे चालताना आपोआप पाय जपून पडतो. त्या फटीत आंदोंना काच नको होती, थंडी वाजेल म्हणून बसवावी लागली. म्हणजे स्लाइडवर जी इमारत देवानेच बांधल्यासारखी दिसते, ती प्रत्यक्षात बजेट आणि क्लायंट सांभाळून झालेली आहे. हे मला तिथे त्या फळीवर बसून कळलं. आता म्हणाल, हेही पुस्तकात असतं. असतं हो. मग मॅडम, तुम्ही वर्गात का नाही सांगत?

टेपचं म्हणाल तर नाराजवळ होर्युजीच्या देवळात जाऊन खांबाला टेप लावून दाखवा. जगातल्या सगळ्यात जुन्या लाकडी इमारतींपैकी आहेत त्या. रखवालदार काय करतो ते इथे लिहा.

अहमदाबादला आम्ही दुसऱ्या वर्षी गेलो होतो. तिथल्या कोर्बुझिएच्या म्युझियमची, म्हणजे संस्कार केंद्राची, अवस्था तुम्ही अलीकडे पाहिली आहे का? आम्ही बाहेरून बघून परत फिरलो. उएनोला निदान दार उघडं होतं.

निशिकसाईकर

टोकियोतच राहतो, त्यामुळे अशा ग्रुपांचं दर्शन वरचेवर घडतं. पन्नास मुलं, तेवढ्याच भल्या मोठ्या बॅगा, भर गर्दीच्या वेळी ट्रेनच्या दारात. शिंकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटिमीटरवरच्या बॅगेसाठी जागा आधी राखून ठेवावी लागते, हे ट्रॅव्हलवाला सांगत नाही. सात दिवसांचा रेल्वे पास २०२३च्या ऑक्टोबरात २९,६५० येनवरून ५०,०००वर गेला. टोकियो-क्योतो जाऊन यायला तो परवडत नाही, तरी मुलांच्या गळ्यात मारतात.

पण ओळंबाताई, सहलीला इतकं हिणवू नका. इथल्या शाळांची अख्खी परंपराच आहे. १८८६ साली टोकियोच्या शिक्षक घडवणाऱ्या शाळेने मुलांना चोशीपर्यंत चालवत नेलं होतं, कवायतीसकट. आजही क्योतो, नारा, हिरोशिमाला पिवळ्या टोप्यांची रांग दिसतेच. फरक एवढाच की कुठे काय बघायचं याची छोटी पुस्तिका ती मुलं निघण्याआधी स्वतः तयार करतात. तुमच्या मुलांना काय मिळतं? व्हॉट्सॅपवर पीडीएफ.

शेपूची_भाजी

मुख्य प्रश्न राहिला. शाकाहारी मुलांनी खाल्लं काय? मिसो सूपमध्येही मासा असतो म्हणे.

शाईचा_डाग

खाकरे, इन्स्टंट उपमा आणि उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेले भाताचे गोळे. कोणी मेलं नाही. पुढे.

दिंडीदरवाजा

जपान राहू द्या बाजूला. लाकडी इमारतींचा विषय निघालाच आहे तर ऐका.

आमचा वाडा सदाशिव पेठेत. दोन चौक, सागवानी खांब, कडीपाट. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजची मुलं येतात, टेप लावतात, तुळईखालच्या कोरीव हस्तांचे (ब्रॅकेटचे) फोटो काढतात, "वॉव" म्हणतात, आईच्या हातचा चहा पितात आणि जातात. काढलेला नकाशा आजतागायत एकानेही आणून दिला नाही. मधल्या चौकातली तुळई कुजलीय, टेकू लावलाय. भाडेकरू देतात महिना चाळीस रुपये, तेही कोर्टात. पावसाळा आला की धोकादायक इमारतीची नोटीस. पाडायचं म्हटलं की पुन्हा हेच आर्किटेक्ट गळा काढणार: वारसा गेला हो!

आणि तुमचं ते जपान? तिथे लाकडी घराचं कागदोपत्री आयुष्य २२ वर्षं. नंतर घराची किंमत जवळजवळ शून्य, किंमत काय ती जमिनीची. टोकियोच्या गिन्झातला तो नाकागिन कॅप्सूल टॉवर, १९७२चा, जगभर पुस्तकांत छापलेला, २०२२ला पाडायला घेतलाच ना? त्यांनी पाडलं की ती संस्कृती, आम्ही पाडलं की बिल्डरचे दलाल.

ओळंबा

दिंडीदरवाजा, तुमची चीड समजते, पण धागा जपानचा आहे. आणि नाकागिन पाडला म्हणून कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, वाचवायला लोक अनेक वर्षं झगडले. क्योतोतली जुनी लाकडी घरं पाडली जातात त्याबद्दल तिथलेही लोक हळहळतातच.

दिंडीदरवाजा

हळहळायला पैसे लागत नाहीत बाई. तुळईला लागतात.

माळवद

मी औसा तालुक्यातला. इथे फारसं लिहीत नाही, पण कडीपाट, सागवान ऐकलं की राहवत नाही.

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपले होते, पहाट व्हायची होती. आमच्याकडे माळवदाची घरं. दोन-अडीच हात जाडीच्या दगडी भिंती, मातीत रचलेल्या, आत लाकडी खांब-तुळया, वर मातीचं धाब्याचं छत. चुलत्यांच्या घरात खांब उभेच राहिले, भिंती आत आल्या. चुलती आणि दोन भावंडं गेली. मी शाळकरी होतो. नंतर चुलत्यांनी ते सगळं लाकूड विकलं आणि पत्र्याखाली झोपायला लागले. उभं राहिलं ते लाकूड विकलं, बघा. त्यांना कोणी समजावून सांगणारा भेटला नाही.

पुण्यात बसून वाडा राखावा की पाडावा यावर भांडा खुशाल. मला त्या मुलीचं पटतं. जाऊ द्या पोरांना. लाकूड आणि भूकंप यांची सांगड कशी घालतात हे ज्या देशाला कळतं तिथे नाही जायचं तर कुठे?

दिंडीदरवाजा

तुमच्या घरातल्यांबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण किल्लारीचा आणि सदाशिव पेठेचा काय संबंध? प्रत्येक चर्चेत असं काही आणलं की समोरच्याने गप्पच बसायचं का?

माळवद

तुम्ही चाळीस रुपयांचं भाडं आणलंत, तेव्हा मी विचारलं होतं का काय संबंध?

निशिकसाईकर

शांत व्हा दोघंही. माळवद, जपानचंही फार सोवळं करू नका. १९९५च्या जानेवारीत कोबेला सहा हजारांवर माणसं गेली. जड कौलांची जुनी लाकडी घरं पत्ता न लागू देता बसली. १९८१च्या भूकंपरोधक बांधकामाच्या नियमांनी बांधलेल्या इमारती बऱ्यापैकी तगल्या. लाकूड वाईट नाही की चांगलं नाही, जोड आणि छपराचं वजन बघायचं.

ओळंबा

हेच तर म्हणतेय! यातलं एक वाक्य त्या मूळ लेखात होतं का? कोबे ओसाकापासून अर्ध्या तासावर. भूकंपाचं संग्रहालय आहे तिथे. गेलात? नाही. गल्लीत किमोनो घालून फोटो काढलेत.

शाईचा_डाग

किमोनोवर घसरलात म्हणजे मुद्दे संपले. भाड्याने घेतला होता, दोन तास. तुमच्या काळी चंदीगडला जाऊन कोणी रॉक गार्डनमध्ये पोझ दिली नसेल, नाही का?

कोबे राहिलं, हे खरंय. कार्यक्रम आम्ही आखला नव्हता. कॉलेजने ट्रॅव्हलवाल्याला दिला, त्याने जो नेहमीचा विकतो तोच आम्हालाही विकला. रागवायचं तर तिकडे रागवा. आणि निम्मा वर्ग आला नाही तेव्हा मला काय वाटलं ते लिहिलं नाही, कारण ते लिहिलं असतं तर "नाटकं" म्हणाला असतात.

हप्तेवाला_बाप

मुलीला पाठवलं, पतपेढीचं कर्ज काढून. परत आल्यावर पहिले चार दिवस टॉयलेटच्या बटणांबद्दलच ऐकलं. पाचव्या दिवशी गावी नेलं, तर आजोबांच्या घराची जोती आणि आढं मोजत बसली. आजपर्यंत कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता हे जपानमुळे की वयामुळे, मॅडम, तुम्हीच ठरवा. हप्ता मात्र जपानमुळेच.

ओळंबा

जपानमुळे असेल तर सव्वादोन लाखांत आजोबांचं घर जरा महाग पडलं. पण मोजलं ना? मग ठीक. काय मोजलं ते पाठवायला सांगा, बघते.

दिंडीदरवाजा, एक विचारू? ती तुळई कुजलीय ती टोकाला, भिंतीत शिरते तिथे, की मधे?

दिंडीदरवाजा

टोकाला. पन्हळ फुटलीय, पाणी तिथेच मुरतं. का?

ओळंबा

टोकालाच असेल तर अख्खी बदलावी लागणार नाही. कुजलेला भाग कापून नवा तुकडा खाचेत बसवता येतो. होर्युजीच्या खांबांना बुडाशी असेच नवे तुकडे जोडलेत. आपल्याकडेही हे करणारे सुतार आहेत, थोडे. मुलं घेऊन येते. नकाशा हातात दिल्याशिवाय एकही वाड्याबाहेर पडणार नाही, ही जबाबदारी माझी. जपानला न गेलेली मुलं आणते.

शाईचा_डाग

का? गेलेल्यांनी काय घोडं मारलंय?

दिंडीदरवाजा

कोणीही या, पण सकाळी अकराच्या आत. नंतर खालचा भाडेकरू चौकात स्कूटर लावतो आणि काढ म्हटलं की वकिलाला फोन करतो.